कोरा डगला

१४ डिसेंबर १९३८, बुध.

दुपारी जिनिंगचा भोंगा तीनदा झाला. एकदा म्हणजे पाळी, तीनदा म्हणजे आग. फळ्यावर बेरीज अर्धी राहिली, मुली खिडकीकडे धावल्या, मी त्यांना रागावले नाही. माझंच लक्ष नव्हतं.

बाजारातलं शेठजींचं गोदाम. श्रावण जेवायला बसला होता, घास ताटात टाकून पळाला, त्याची बायको गया सांगत होती. जिनिंगमधला मिस्त्री तो, आणि आगीच्या बंबाचा मुकादम झाल्यापासून एकही जेवण त्याचं खात्रीचं नाही.

साडेतीनला आला. नखशिखांत काळा, फक्त डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. कडेवर खेळवलेला माझा धाकटा भाऊ, आणि क्षणभर मला ओळखू आला नाही. दारात आळीतल्या बाया लेकरं घेऊन उभ्याच होत्या. दरवेळी असतात. श्रा. डगल्यावर अंगठा घासतो आणि एकेका लेकराच्या गालाला तीट लावतो. आगीत जाऊन आलेली काजळी, ती लावली की लेकराला ना आग शिवत ना दृष्ट. शेवटी आमची सुमी. तिला बापाच्या मिशा ओढायच्या होत्या.

मला भरून आलं. आठ माणसं, एक हातपंप, चामड्याची नळी. आणि गाव वाचलं.

डगला नेहमीप्रमाणे खाटेच्या डोक्याशी खुंटीला टांगला. घरभर एकाच वेळी हजार आगकाड्या ओढल्यासारखा वास. श्रा. अर्धीच भाकरी जेवला. खोकला.

१६ डिसें., शुक्र.

वास अजून आहे. गोधड्यांत, माझ्या पुस्तकांत, पिठाच्या डब्यात सुद्धा.

बंबाच्या छपरीवरून शाळेला जावं लागतं. आज रहीमभाई, बंबाची यंत्रं सांभाळणारे, कोणाला तरी हसत होते. गेल्या सालचा पांडू म्हणे भेटला होता बाजारात. त्या बिचाऱ्याने पहिल्या आगीनंतर डगला भट्टीत घालून धुतला, तर गड्यांनी त्याचं नाव ‘कोरा’ पाडलं. कोरा पांडू. शेवटी बंब सोडून गेला.

डगला जितका काळा तितका मान. श्रावणचा चार वर्षांत पाण्याला लागलेला नाही. खुंटीवरून काढून ठेवला तर आपला आपण उभा राहील इतका कडक झाला आहे.

२२ डिसें., गुरु.

मासिकासाठी गोष्ट लिहायला घेतली. नाव ‘डगला’. दोन पानं लिहिली, सगळी स्तुतीच. फाडली. खोटं नव्हतं त्यात काही, पण काहीतरी राहून जात होतं.

काय राहत होतं ते गयाने सांगितलं. चुलीपाशी, भाकरी थापता थापता.

“बाई, म्या एक पाह्यलं. हे पाळीले जिनिंगात झोपतेत ना, तवा खोकत नाईत. रहीमभाईले ईचारलं म्या. घरी आले का सुरू. आग तं तिकडं, मंग खोकला इकडं काहून?”

मी घरातही बाई आणि शाळेतही बाई. बारा वर्षं मुलींना ‘नीट पाहा, मग लिहा’ शिकवते आहे. पाहिलं मात्र हिने, जिला मी दोन वर्षांपूर्वी अक्षरं गिरवायला बसवलं तर हसून पळून गेली होती.

मग तिने तळहात दाखवले. डगला झटकून झटकून लाल चट्टे. सुमीच्या गालावर, तिटाच्या जागी, पुरळ. दर आगीनंतर आठवडाभर असतं म्हणाली. मला कधी दिसलं नव्हतं.

२९ डिसें., गुरु.

श्रा. ला सरकारी दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे, सुमीचा गाल दाखवायचा आहे असं सांगून नेलं. डॉक्टर नवे आहेत, नागपूरकडचे. सुमीचा गाल पाहिला, गयाचे हात पाहिले, आणि मग श्रावणला म्हणाले, सदरा काढा.

बराच वेळ पाठीला नळी लावून ऐकत होते.

त्यांनी विचारलं, काय जळत होतं? श्रा. म्हणाला, गोदाम. डॉक्टर म्हणाले, गोदाम नव्हे, गोदामात काय? श्रावणला सांगता येईना. सरकी असेल, पोती असतील. डॉक्टरांचं म्हणणं असं की साध्या लाकडाचा धूर वेगळा आणि रसायनांचा वेगळा. तो नाकातून जातो तेवढ्याने संपत नाही. कापडात बसतो, केसांत बसतो, कातडीतून सुद्धा आत जातो. विलायतेत धुराडी झाडणाऱ्या माणसांना त्या काजळीनेच वाईट दुखणी झाली म्हणाले.

“मिस्त्री, तुम्ही बाजारातली आग विझवलीत. पण तुमच्या उशाशी ती रोज धुमसते आहे.”

घरी आल्यावर श्रा. बोलला. “डगला धुतला तं गडी मले कोरा म्हनतीन. अन् कोऱ्या मुकादमाचा हुकूम आगीत कोन आयकन?”

हे त्याचं खोटं नाही. आगीत हुकूम ऐकला गेला नाही तर माणूस जातो. पण ऐकणारा राहिला आणि सांगणारा गेला तर?

३ जानेवारी १९३९, मंगळ.

शाळा सुटल्यावर शेठजींच्या पेढीवर गेले. गोदामात काय होतं, एवढंच विचारलं. त्यांना वाटलं मी कसली तरी वर्गणी मागायला आले.

मग गुमास्त्याला बोलावून एकेक आठवून सांगितलं. ज्वारीच्या बियाण्याला काणीचा रोग पडू नये म्हणून लावतात तो गंधक, मोरचूद, कापड रंगवण्याचे रंग, उंदरांचं विष. सरकी मागच्या कोपऱ्यात. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला.

“बाई, तवा मले पोत्यायचं दुख होतं. मानसायचं सुचलंच नाई.”

इतकं सरळ कबूल करणारा माणूस मी कमी पाहिला. मुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारं घर. चूक कळली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, आता काय करू?

दारावर पाटी लावा, असं मी म्हणणार होते. मग आठवलं, आठांपैकी सहांना वाचता येत नाही.

४ जाने.

पाटी नको. पंजा. गंधक असेल त्या दारावर पिवळा पंजा, मोरचुदाला निळा, विष असेल तिथे काळा. श्रावणनेच सुचवलं, जेवता जेवता, जसं काही त्याला त्याचं काही देणंघेणं नाही. “पंजा तं धुरातबी दिसते.”

डगल्याचं नाव काढलं तर उठून गेला.

८ जाने., रवि.

आज माझी फजिती.

शेठजींच्या दारांवर पंजे उमटले, तसं बंबाच्या छपरीत आठही गड्यांना जमवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, नाकातोंडाला ओलं चौपदरी फडकं, डगला घरी न्यायचा नाही, तिथेच धुवायचा, आंघोळ करून मग घरी. मी ‘आरोग्य’ म्हणाले, ‘स्वच्छता’ म्हणाले. मान खाली घालून ऐकलं सगळ्यांनी, बाईंपुढे बसल्यासारखं. हो बाई. बरं बाई.

बाहेर पडले तर मागून रहीमभाईंचा आवाज, “काहो मिस्त्री, कोरे होऊन लगनाले चालले काय आता?” आणि हशा.

श्रावणही हसला. त्याला हसावंच लागलं. हसता हसता त्याला ढास लागली आणि ती थांबेना, तेव्हा हशा आपोआप बंद झाला. मी वळून पाहिलं नाही.

१४ जाने., शनि. संक्रांत.

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

गयाने गड्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. मी अर्थात आतल्या खोलीत. सवय आहे. दार अर्धं लोटलेलं, मुलींच्या वह्या तपासत होते. गया सहसा कोणापुढे बोलत नाही. आज बोलली.

वाण म्हणून तिने दरेकीला रिठ्यांची पुडी दिली आणि चार पदरी शिवलेलं फडकं, दोन्हीकडे बंद. रात्रंदिवस काय शिवते आहे ते मला कळलंच नव्हतं, सुमीची झबली समजत होते. एक जण म्हणाली, हे काय वो? गया म्हणाली, मुसकं. मळणीत बैलाला असते तसं. बैलाने दाणा खाऊ नये म्हणून त्याला, धुराने माणूस खाऊ नये म्हणून याला.

मग कोणीतरी म्हणालं की आमचे ऐकणार नाहीत, डगला धुतला की कोरा म्हणतात.

मग गयाचा आवाज, अगदी साधा, भाव विचारावा तसा.

“कोरं लुगडं म्हन्जे कोनतं वो?”

“ज्याले अजून पानी लागलं नाई थे.”

“मंग यायचे डगले चार-चार वर्सं बिनपान्याचे. कोरे कोन झाले सांगा.”

मग हसू फुटलं, ते दारातून माझ्यापर्यंत आलं. रहीमभाईंची बीबी उंबऱ्याशी बसली होती, ती म्हणाली, “आज घरी गेली का कोरे मियाँच म्हनीन त्यायले.”

माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. मी शब्दांवर जगते. हा शब्द महिनाभर माझ्या घरात हिंडत होता, कापडाच्या दुकानात मी तो हजारदा उच्चारला असेल, आणि त्याचा अर्थ माझ्या हाती लागला नाही. आपली माणसं तो उलटा वापरत होती, तेही दिसलं नाही. कोरं म्हणजे न धुतलेलं. धुतलं की ते कोरं राहतच नाही.

सगळ्या गेल्यावर गया तिळगूळ घेऊन आत आली. माझ्या पाया पडली. मी तिचे ते चट्टे पडलेले हात धरले. ती म्हणाली, “वह्या झाल्या काय, बाई? भाकरी टाकू?”

१७ जाने.

गावभर पसरलं आहे. ‘कोरे मियाँ’. रहीमभाई दोन दिवस छपरीत तोंड लपवून आहेत म्हणे.

२२ जाने., रवि.

आज बंबाने स्वतःला धुतलं.

सकाळी श्रावण खुंटीपाशी उभा राहिला, बराच वेळ. मग डगला उतरवला, खांद्यावर नाही, काठीला अडकवून अंगापासून लांब धरून निघाला. आम्ही मागे. छपरीत पाहतो तो रहीमभाई आधीच आपला डगला दगडावर आपटत होते. वर पाहिलं नाही. “पानी मारा मिस्त्री, आमी कोरे नाई ऱ्हायलो आता.”

चौघे इकडे, चौघे तिकडे, पंप दाबून नळीने पाणी. आठ डगले दगडांवर. पाणी आधी काळं, मग हिरवट, मग पिवळसर. चार वर्षांच्या आगी एकेक करून ओहोळातून निघाल्या. एकाने विचारलं, हे समदं आमच्या घरात होतं?

श्रावणने तिथेच हुकूम काढला. पुढे दर आगीला शेवटचं पाणी माणसांचं. टाकी रिकामी करायची नाही, आग विझली की उरलेलं गड्यांवर. डगले छपरीत किंवा कडुलिंबाला, घरात नाही. मुसकं ज्याच्याकडे नाही त्याने नळी धरायची नाही.

आणि ऐकला तो हुकूम, सगळ्यांनी.

२६ जाने.

खाटेचं डोकं मोकळं. खुंटीवर आता गयाने सुमीची कुंची टांगली आहे.

खोकला आहे, पण कमी. की मलाच कमी ऐकू येतो आहे?

४ फेब्रु., शनि.

इंझोरीहून आलेल्या कापसाच्या गाड्या पेटल्या, बाजाराच्या तोंडाशी. कापूसच होता, दुसरं काही नव्हतं. तरी सगळ्यांची तोंडं बांधलेली. शाळेच्या ओट्यावरून पाहिलं मी. वारा पश्चिमेचा, तर श्रावणने आख्खा बंब फिरवून पश्चिमेला नेला. त्यात दोन गाड्या जास्त जळल्या असतील. एक गाडीवान शिव्या देत होता. श्रा. ने ढुंकून पाहिलं नाही. त्याला तसा उभा पाहून वाटलं, आत घुसायला धैर्य लागतं हे गावाला माहीत आहे; न घुसता उभं राहायला किती लागतं ते कोणी विचारत नाही.

घरी आला तो ओला, उघडा, रिठ्याच्या वासाचा. दारात बाया लेकरं घेऊन उभ्या होत्याच. त्याने अंगठा पुढे केला, अंगठा स्वच्छ. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. रीत मोडली की काय होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं आणि मला धास्ती वाटली.

गया आतून निरांजन घेऊन आली, वर पितळी वाटी पालथी धरलेली, तुपाच्या वातीची काजळी. श्रावणने अंगठा त्यावर टेकवला.

एक म्हातारी म्हणाली, ही काही आगीतली नाही. श्रावण म्हणाला, “अंगठा तं आगीतला हाय ना, आजी.”

म्हातारीने नातू पुढे केला.

१८ फेब्रु., शनि.

दवाखाना. सुमीचा गाल साफ, गयाचे हात बरे. डॉक्टर तिच्याशी फार आदराने बोलले, मुसक्याचा नमुना मागून घेतला, इतर गावच्या बंबांना दाखवतो म्हणाले. तिने पदर तोंडावर घेतला.

श्रावणची छाती मात्र... उजवी मोकळी. डावीकडे खाली आवाज आहे. जुना बसलेला. आता नवं काही आत जायला नको म्हणाले, विशेषतः गंधकाचा धूर. एकदाच पुरे होईल. बंब सोडा.

श्रा. ने ऐकून घेतलं. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसले. लहानपणी पडला की असाच बसायचा, रडायचा नाही, माती उकरायचा. आजही उकरत होता.

“सोडत नाई, बाई. पन आत जानार नाई. पिवळ्या पंजाच्या आत तं नाईच. बाहेरूनच हुकूम देईन. तुले सबूत पायजे तं गयाची आन.”

गयाने हात झटकला. आन नको, शब्द पुरे म्हणाली.

६ मार्च, सोम. धुळवड.

आळीतले गडी होळीची राख घेऊन श्रा. ला माखायला आले. रहीमभाई आडवे झाले. “याले नाई. हा आता धुतलेला हाय.” कोणी हसलं नाही. हा शब्द आता मानाचा झाला आहे.

‘डगला’ पुन्हा लिहायला घेतली. यावेळी गयापासून सुरुवात.

१२ मार्च

रोज सकाळी त्याचा श्वास ऐकते, भिंतीपलीकडून. त्याला माहीत नाही. गयाला माहीत आहे, काल म्हणाली, “मी बी तेच आयकते, बाई.”

दोघी एकाच श्वासावर कान लावून होतो, आणि एकमेकींना सांगितलं नव्हतं.

१८ मार्च, शनि.

शाळा सकाळची, साडेअकराला घरी. श्रावणची सुट्टी. सकाळीच डगला धुऊन अंगणातल्या कडुलिंबाला टाकला होता. सुमीला खांद्यावर बसवून तो कैरीची चटणी वाटणाऱ्या गयाला चिडवत होता.

भोंगा. एकदा. पाळीची वेळ नव्हे. गयाचा हात वरवंट्यावर थांबला.

दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा होईपर्यंत त्याने सुमी माझ्याकडे दिली होती. डगला ओढला. मी म्हटलं, ओला आहे रे. म्हणाला, “ओला हाय थेच बरं.” मुसकं बांधत बांधत फाटकातून वळला आणि मला म्हणाला, “बाहेरूनच, बाई.”

मी मान हलवली. त्याने पाहिली की नाही कोण जाणे.

पाऊण वाजला. धूर बाजाराच्या अंगाला, पांढरट, खाली बसणारा. वारा आमच्याकडे येणारा आहे. आणि वास तोच. काड्यांचा. म्हणजे पिवळा पंजा.

शेजारची वेणू धावत येऊन सांगून गेली. गोदामात माल उतरवणारे दोन हमाल आत राहिले आहेत म्हणे. गडी दारापाशी उभे आहेत. मिस्त्री? मिस्त्री दिसले नाहीत म्हणाली, धूर फार आहे.

त्याने शब्द दिला तेव्हा आम्ही दोघी तिथे होतो. आणि आम्ही दोघी त्याला ओळखतो.

हे अंगणात बसूनच लिहिते आहे, सुमी मांडीवर झोपली म्हणून हलता येत नाही. गयाने फाटकाशी घंगाळ ओढून ठेवलं, रिठे कुस्करून टाकले, पाण्यात हात घालून पाहिलं. मग चुलीवर आणखी एक हंडा चढवला. त्यानंतर शेजारून मागून आणलेला तिसरा.

एवढं पाणी एका माणसाला लागत नाही, तिघांना लागतं.